एमसीबी खाली, तरी आरसीसीबी पडतो: आर्मर केबलमधला लपलेला दोष

प्रश्न: घरापासून मागच्या वर्कशॉपपर्यंत जमिनीखालून 10 चौरस मिलीमीटरची, तीन कोअरची, तांब्याची आर्मर केबल (बाहेरून धातूच्या तारांचं कवच, म्हणजे आर्मर, असलेली) टाकलेली आहे. मुख्य डीबीत (वितरण पेटीत) 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थिंगकडे प्रवाह गळला की पडणारा स्विच, आहे. त्याच्यावर ही केबल आणि घरातली चार सर्किट आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा सकाळी, आरसीसीबी पडतो. वर्कशॉपचा मेन स्विच बंद असला तरी पडतो. केबलची सिंगल पोल एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) खाली करून ठेवली तरी पडतो, म्हणून केबलमध्ये दोष नाही असं आम्ही धरून चाललो. आरसीसीबी बदलून झाला. मल्टिमीटरवर बीप येत नाही. वायरमनने 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) मारला तेव्हा फेज ते आर्मर 200 मेगाओहमच्या वर आलं. न्यूट्रल ते आर्मर शून्य आलं, पण न्यूट्रल डीबीत जोडलेलाच होता म्हणून ते सोडून दिलं. आता केबल उकरून बदलावी का?

उत्तर: अजून कुदळ उचलू नका. तुमच्या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, जे सोडून दिलं गेलं: न्यूट्रल ते आर्मर शून्य. न्यूट्रल डीबीत जोडलेला असताना हे रीडिंग निरर्थक असतं, कारण मेगर तुमची केबल नाही तर पुरवठ्याच्या बाजूची न्यूट्रल-अर्थिंग जोडणी मोजतो. म्हणजे केबलचा न्यूट्रल चांगला आहे की वाईट, हे आजवर कुणी तपासलेलंच नाही.

सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. ती खाली केली तरी केबलचा न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल बसबारवर तसाच राहतो. आता समजा त्या न्यूट्रलला केबलमध्ये कुठेतरी आर्मरचा ओला स्पर्श आहे. घरात गीझर चालू झाला की न्यूट्रलमधून 10-12 अँपिअर परत जातात आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात अर्ध्या-एक व्होल्टचा फरक तयार होतो. दोषाचा रोध 30 ओहम आणि फरक 0.6 व्होल्ट धरला तर 20 मिलीअँपिअर आर्मरमधून निसटतात. 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला 15 च्या पुढे कुठेही पडायची मुभा असते. शिवाय संगणक, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून थोडं लीकेज आधीच चालू असतं, त्यात ही भर. सकाळी पडतो तो याचमुळे: त्या वेळी घरात लोड असतो. वर्कशॉप बंद आहे की चालू, याच्याशी त्याचा संबंध नाही.

फेजला दोष असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. 230 व्होल्टला 15 मिलीअँपिअर जायला 15 किलोओहमचा रोधसुद्धा पुरतो, त्यामुळे फेजचा दोष लवकर उघडा पडतो आणि एमसीबी खाली केली की थांबतो. न्यूट्रलच्या दोषात व्होल्टेजच इतकं कमी असतं की रोध काही दहा ओहमपर्यंत उतरेपर्यंत काहीच जाणवत नाही. तोवर आत पाणी बरंच मुरलेलं असतं. मल्टिमीटरच्या बीपवर तर यात मुळीच विसंबू नये. बहुतेक मीटर काही दहा ओहमच्या खालीच वाजतात, आणि तेही एक-दोन व्होल्टवर.

आधी केबल खरोखर दोषी आहे का, ते पक्कं करा. डीबी बंद करून केबलचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही काढा, टोकं कनेक्टरमध्ये बंद करा, आणि घर आठवडाभर तसंच चालवा. आरसीसीबी पडला नाही तर प्रश्न केबलचा किंवा तिच्या पलीकडचा. पडला तर केबल सोडून घरातली सर्किट बघा, आणि तिथेही न्यूट्रल काढूनच बघा. 0.1 मिलीअँपिअरपर्यंत दाखवणारा लीकेज क्लँप मीटर मिळत असेल तर आठवडा थांबायचीही गरज नाही. वर्कशॉप बंद ठेवून केबलचे फेज आणि न्यूट्रल एकत्र चिमट्यात घ्या, घरात गीझर चालू करा आणि आकडा बघा. आर्मर चिमट्याच्या बाहेर राहिलं पाहिजे. आर्मरसकट अख्खी केबल चिमट्यात घेतली तर आर्मरमधून परतणारा प्रवाह वजा होतो आणि फक्त इतर वाटांनी जाणारा दिसतो. साधा टाँग टेस्टर (मोठे प्रवाह मोजणारा क्लँप मीटर) इथे कामाचा नाही, एवढा बारीक प्रवाह त्याला दिसत नाही.

पुढची कामं परवानाधारक वायरमननेच करावीत. दोन्ही टोकं सोडवा. वर्कशॉपमध्ये इन्व्हर्टर, सोलर किंवा जनरेटर असेल तर तोही तोडून कुलूप लावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर, मग केबलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावून खात्री करा. नुसतं केबलवर काही दिसलं नाही एवढं पुरत नाही, टेस्टरच बंद पडलेला असू शकतो.

मेगर मारण्याआधी एक छोटी चाचणी करा, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कोअर आणि आर्मर मिनिटभर शॉर्ट करून ठेवा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. मग शॉर्ट काढून मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर लावा. कोरडी केबल शून्याच्या आसपास राहते. काही शे मिलीव्होल्ट येऊन तिथेच टिकले, आणि कोअर धन निघाला, तर आत पाणी आहे. तांब्याचा कोअर, आर्मरच्या तारांवरचं जस्त आणि मधली ओल मिळून एक बॅटरीच तयार झालेली असते. अशा केबलवर ओहमचं रीडिंग प्रोब उलटे केल्यावर बदलतं, कधी उणे आकडाही दिसतो. मीटर बिघडला असं समजून लोक तो फेकायला निघतात, पण मीटर खरंच सांगत असतो. कोअर अॅल्युमिनियमचा असेल तर मात्र ही खूण इतकी ठळक येत नाही.

आता 500 व्होल्टचा मेगर. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ कोअर, न्यूट्रल-अर्थ कोअर आणि मग प्रत्येक कोअर ते आर्मर, असं सहा वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण एक मिनिट धरा आणि आकडा कसा चालतो ते बघा. हळूहळू चढत गेला तर इन्सुलेशन शाबूत आहे. चढता चढता घसरला किंवा थरथरला तर ओल आहे. प्रत्येक चाचणीनंतर कोअर डिस्चार्ज करा. रीडिंग कमी आलं की लगेच केबलला दोष देऊ नका. टोकं कोरड्या फडक्याने पुसून, हॉट एअर गनने कोमट करून पुन्हा घ्या. दमट हवेत सोललेल्या टोकांवरची धूळ एकटीच रीडिंग दोन मेगाओहमवर आणू शकते.

न्यूट्रल ते आर्मर खरंच काही दहा ओहम निघालं तर तुमचं नशीब चांगलं, कारण असा दोष साध्या साहित्याने मीटरभराच्या आत शोधता येतो. फेज कोअर चांगला आहे, हे तुमच्या मेगरने सांगितलंच आहे. दूरच्या टोकाला फेज आणि न्यूट्रल घट्ट जोडा. घराच्या टोकाला 12 व्होल्टची बॅटरी घ्या. धन टोक 21 वॅटच्या गाडीच्या बल्बमधून आणि अँपिअर मीटरमधून न्यूट्रलला, ऋण टोक आर्मरला. प्रवाह न्यूट्रलमधून दोषापर्यंत जातो आणि आर्मरने परततो. दोषाच्या पुढच्या न्यूट्रलमध्ये आणि फेज कोअरमध्ये प्रवाह नसतो. म्हणून घराच्या टोकाला न्यूट्रल आणि फेज यांच्यात जे मिलीव्होल्ट मिळतात, ते फक्त घरापासून दोषापर्यंतच्या न्यूट्रलवरचे असतात. दोषाचा रोध किती आहे, तो खाली-वर होतोय का, याचा त्यात काही हात नाही. मिलीव्होल्ट आणि अँपिअर मात्र एकाच क्षणी वाचा, कारण ओला दोष गरम झाला की प्रवाह सरकतो. मिलीव्होल्टचा प्रोब बॅटरीच्या क्लिपवर नाही, थेट कोअरच्या तांब्यावर धरा. क्लिपच्या सांध्यावरचा ड्रॉप आला तर काही मीटरची चूक होते. बॅटरी उलटी करून दुसरं रीडिंग घ्या आणि चिन्ह सोडून दोन्हीची सरासरी काढा.

80 मीटरच्या केबलचं उदाहरण घ्या. घराच्या टोकाला 0.40 अँपिअरला 38.1 मिलीव्होल्ट आले, म्हणजे 95.25 मिलीओहम. हीच जुळणी वर्कशॉपच्या टोकाला करून, फेज-न्यूट्रल घराकडे जोडून, 0.38 अँपिअरला 19.5 मिलीव्होल्ट आले, म्हणजे 51.3 मिलीओहम. बेरीज 146.55. 10 चौरस मिलीमीटर तांब्याचा रोध 20 अंशांना मीटरमागे 1.83 मिलीओहम असतो, 80 मीटरला 146.4, बेरीज जुळली, म्हणजे मोजमाप विश्वासाचं आहे. दोष घरापासून 80 गुणिले 95.25 भागिले 146.55, म्हणजे 52 मीटरवर. बेरीज जुळली नाही तर लांबी चुकलेली आहे, किंवा मध्ये कुणीतरी वेगळ्या जाडीचा तुकडा जोडलेला आहे. जुळेपर्यंत खणू नका.

लांबी पावलांनी मोजू नका. बहुतेक आर्मर केबलच्या बाहेरच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांना दिसणारे आकडे वजा केले की खरी लांबी मिळते, जमिनीखालच्या वळशांसकट. दोष 52 मीटरवर आला तर जमिनीवरचं अंतर त्याहून कमी असणार: भिंतीवरचा चढ, खड्ड्यातला उतार, टोकाजवळ ठेवलेला राखीव वळसा, हे सगळं त्या 52 मध्येच आहे.

खणण्याआधी त्या जागी जमिनीवर काय आहे ते बघा. कुंपणाचा खांब, नवीन लावलेलं झाड, नळाची जोडणी, वरून फिरलेलं जड वाहन. असं काही सापडलं तर उत्तर जवळजवळ मिळालंच. पण आकडा कुठल्याही टोकापासून दीड-दोन मीटरच्या आत आला तर कुदळ बाजूला ठेवून ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं पकडीचं फिटिंग) उघडा. आर्मरच्या तारा करवतीने अर्ध्याच कापून, वाकवून तोडायच्या असतात. घाईत करवत आरपार गेली की आतल्या आवरणावर चर पडते, आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथून ओल कोअरपर्यंत पोचते. बॉक्समध्ये केबल वरून शिरत असेल आणि ग्लँडचं बाहेरचं सील सैल असेल तर पाणी आर्मरच्या तारांमधून सरळ खाली उतरतं. मग आत शिरण्याची जागा एक आणि दोष दाखवणारी जागा दुसरी, असंही होतं. तेव्हा केबल कापून फक्त दोषाची जागा दुरुस्त करणं पुरत नाही.

दुरुस्तीत सर्वात जास्त घाई केबल मागे कापण्यात होते. तांबं काळपट, आर्मरवर पांढरी भुकटी किंवा गंज दिसतोय तोवर कापत जा. चकचकीत तांबं आणि कोरडं आतलं आवरण दिसल्यावर थांबा. जॉइंट करण्याआधी दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा मेगर मारा. एक तुकडा अजून ओला असेल तर रेझिनचा जॉइंट कितीही सुरेख केला तरी फुकट. कोअर योग्य डायने क्रिम्प करा, म्हणजे दाबून जोडा. आर्मर दोन्ही बाजूंनी क्लँप आणि वेणीने जोडून घ्या. हे विसरलं की वर्कशॉपचं अर्थिंग अर्ध्यावर तुटतं आणि दिसायला सगळं ठीक दिसतं. रेझिन पूर्ण मिसळा, साच्यात ओतल्यावर घट्ट होईपर्यंत हात लावू नका. जमिनीखाली नुसत्या टेपचा जॉइंट टिकत नाही. माती लोटण्याआधी पुन्हा एकदा मेगर, आणि आर्मरची सलगता. केबल जॉइंटला ओढून आणू नका; लांबी कमी पडत असेल तर नवा तुकडा घालून दोन जॉइंट करा. वळण केबलच्या बाह्य व्यासाच्या 12 पटींपेक्षा आवळ नको.

आणि डीबीत एक बदल करून घ्या. ही केबल घराच्या आरसीसीबीमधून न घेता तिला स्वतःचा दोन पोलचा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्या. दोन पोलचा म्हणजे खाली केल्यावर न्यूट्रलही तुटेल असा. म्हणजे पुढे केबलला काही झालं तर घर अंधारात जाणार नाही आणि दोष कुठल्या सर्किटचा हा प्रश्नच उरणार नाही.

प्रश्न: चार कोअरच्या केबलचा एक कोअर तुटलेला वाटतो. दूरच्या टोकाला काहीच चालत नाही, पण मल्टिमीटर त्या कोअरवर 80 व्होल्ट दाखवतो. हे व्होल्टेज येतं कुठून?

उत्तर: शेजारच्या जिवंत कोअरमधून, कपॅसिटन्सने, म्हणजे स्पर्श नसताना शेजारच्या तारांमध्ये होणाऱ्या विद्युत जोडणीने. डिजिटल मल्टिमीटरचा रोध सुमारे 10 मेगाओहम असल्याने काही मायक्रोअँपिअरही त्याला व्होल्टेज म्हणून दिसतात. कमी रोधाचा टेस्टर लावा, 80 व्होल्ट गायब होतील. गायब झाले नाहीत तर कोअर तुटलेला नाही, कुठेतरी खराब जोडणीतून चालू आहे. मग त्याला जिवंतच समजा.

तुटका कोअर शोधायला हेच कपॅसिटन्स कामी येतं. केबल पूर्ण तोडून, डिस्चार्ज करून, बाकीचे तीन कोअर आणि आर्मर एकत्र जोडा. आता तुटका कोअर आणि हा गठ्ठा यांच्यातलं कपॅसिटन्स आधी एका, मग दुसऱ्या टोकाने मोजा. एकीकडून 14.1 आणि दुसरीकडून 7.9 नॅनोफॅरड आले, केबल 110 मीटर असेल, तर तूट पहिल्या टोकापासून 110 गुणिले 14.1 भागिले 22, म्हणजे 70.5 मीटरवर. तुटकी टोकं ओलीत असतील तर ही पद्धत फसवते, म्हणून आधी मेगर. अॅल्युमिनियमच्या केबलमध्ये ते नेहमी होतं: आवरण फुटतं, पाणी शिरतं, अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि कोअर हळूहळू खाऊन जातो. तीन फेजच्या केबलमध्ये असा न्यूट्रल तुटला तर एका फेजला 300 च्या जवळ आणि दुसऱ्याला 150 व्होल्ट मिळू शकतात. अशी शंका आली की आधी सप्लाय बंद करा, शोध नंतर.

प्रश्न: एका कोअरच्या चार आर्मर केबल पॅनलच्या लोखंडी ग्लँड प्लेटमधून वेगवेगळ्या भोकांतून आत घेतल्या आहेत. लोड क्षमतेच्या आत आहे, तरी प्लेट हात लावू नये इतकी तापते. लग (केबलच्या टोकांवरचे जोड) तपासले, घट्ट आहेत.

उत्तर: लग निर्दोष आहेत, तापतंय ते लोखंड. एकट्या कोअरच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र भोकाभोवतीच्या लोखंडात फिरतं आणि त्यात उष्णता तयार होते. तीन फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून गेले तर ती क्षेत्रं एकमेकांना मारतात, वेगवेगळ्या भोकांत तसं होत नाही. प्लेट अॅल्युमिनियम किंवा पितळेची बसवा. केबलचं आर्मर स्वतः पोलादाचं आहे का तेही बघा. एसीवरच्या एका कोअरच्या केबलला आर्मर अॅल्युमिनियमचंच हवं, नाहीतर प्लेट बदलूनही केबल तापतच राहील. चुंबक लावला की लगेच कळतं.

प्रश्न: चांगल्या केबलचं मेगर रीडिंग किती हवं?

उत्तर: 500 व्होल्टपर्यंतच्या वायरिंगला 500 व्होल्टच्या चाचणीत किमान 1 मेगाओहम धरतात, पण ती सीमा अख्ख्या सर्किटची. उपकरणं काढलेली, 100 मीटरच्या आतली एकटी केबल 2 मेगाओहम दाखवत असेल तर ती पास नाही, आजारी आहे; धडधाकट केबल शेकड्यांत दाखवते. लांबी दुप्पट झाली की रीडिंग निम्मं होतं, आणि पीव्हीसीत तापमान 10 अंशांनी वाढलं तरी साधारण निम्मं. म्हणून दुपारचं रीडिंग पहाटेच्या रीडिंगशी ताडून बघू नका. तारीख, तापमान, कुठला कोअर ते कुठला, हे डीबीच्या दाराच्या आत कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी मेगर मारणाऱ्याला तुलनेला आकडा मिळेल.